स्वस्तातला पीसी आणि साठ फ्रेमचा हिशेब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही काउंटरला उभे राहा, पहिला प्रश्न ठरलेला: "बजेट किती?" काम काय आहे, हा खरं तर त्याआधी विचारायचा प्रश्न, पण तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. गिऱ्हाईक "गेमिंग" एवढंच म्हणतं, काउंटरमागचा मुलगा कॅल्क्युलेटर पुढे ओढतो आणि दोन मिनिटांत कोटेशनची चिठ्ठी हातात पडते.

मी पाहिलेली अशी एक चिठ्ठी एका बापलेकांच्या हातात होती. मुलगा अकरावीतला. त्याला गेम खेळायचे होतेच, पण त्यावर मराठीतून बोलत व्हिडिओही करायचे होते. चिठ्ठीवर आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, रेडिऑनचं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड, ५०० जीबीची एसएसडी, एसएमपीएस आणि तीन रंगीत पंख्यांचं काचेचं कॅबिनेट असा ऐवज होता. वडिलांनी खालची रक्कम दोनदा वाचली आणि मुद्द्याचं विचारलं, "ह्यात रेकॉर्डिंग नीट होईल ना?"

"का नाही होणार काका, आय-फाइव्ह आहे!"

होईल, हे खोटं नाही. पण चिठ्ठीत एक गोम होती. व्हिडिओ रेकॉर्ड करण्यासाठी संगणकात जो खास भाग असतो, तो त्या प्रोसेसरमध्ये नव्हता आणि त्या कार्डातही नव्हता. दोन्हीकडे पैसे वाचवताना नेमका तोच गळला होता, आणि कॅबिनेटचे तीन रंगीत पंखे मात्र शाबूत होते.

हा भाग म्हणजे एन्कोडर. तो लागतो कशाला, हे कळायला थोडा गुणाकार करावा लागतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. एका चित्राचे झाले सुमारे ६२ लाख बाइट. अशी चित्रं सेकंदाला ६०. म्हणजे सेकंदाला ३७३ एमबी आणि तासाला १.३४ टीबी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी लिहिते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. कच्चं फुटेज जसंच्या तसं साठवायचं म्हटलं तर एसएसडीला एकवेळ वेग झेपेल, पण तिची जागा अर्ध्या तासात संपेल. म्हणून ते खेळ चालू असतानाच आवळावं लागतं. सेकंदाला ५० मेगाबिटच्या बिटरेटला रेकॉर्ड केलं तर सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी. कच्च्या मालाच्या साठाव्या हिश्शाइतकं. हे आवळण्याचं काम सेकंदाला साठ वेळा, एकही फ्रेम न चुकवता, आणि त्याच वेळी खेळाला धक्का न लावता व्हायला हवं.

वीस वर्षांपूर्वी हे सुखासुखी होत नसे. १९९९ साली आलेलं फ्रॅप्स तेव्हा सगळे वापरायचे. फुकटातल्या आवृत्तीत तीस सेकंदच रेकॉर्ड व्हायचं आणि वर त्यांचा शिक्का यायचा. फ्रॅप्स फुटेज फार आवळायचंच नाही, कारण आवळत बसलं तर प्रोसेसर खेळ चालवणार कधी? त्यामुळे फाइली अवाढव्य व्हायच्या आणि हार्ड डिस्क डोळ्यांदेखत भरायची. सायबर कॅफेत बसलेल्या पोराला हा खेळ परवडणारा नव्हताच.

चित्र पालटलं ते २०११ ते २०१३ या तीन वर्षांत. इंटेलने २०११ साली सँडी ब्रिज पिढीच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक आणलं. प्रोसेसरच्याच चिपवर, ग्राफिक्सच्या भागात, व्हिडिओ आवळण्यासाठी वेगळी जागा. एनव्हिडियाने २०१२ साली केप्लर पिढीच्या कार्डांवर तसाच एन्कोडर दिला, त्याचं नाव एनव्हेंक, आणि २०१३ साली शॅडोप्लेच्या रूपाने तो खेळणाऱ्यांच्या हाती दिला. एएमडीनेही त्याच सुमारास आपला एन्कोडर आणला. २०१२ सालीच ओबीएस हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर सुरू झालं. आज गावोगावची पोरं जे वापरतात ते हेच. यातलं काही विकत घ्यावं लागत नाही; फक्त आपण घेतलेल्या चिपमध्ये तो भाग आहे ना, एवढं बघावं लागतं.

आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, आणि ग्राफिक्स गेलं की क्विक सिंकही जातं. १२४०० आणि १२४००एफ यांच्या किमतीत फरक थोडाच असतो, पण कोटेशन खाली आणायला दुकानदाराला 'एफ' बरा पडतो. "कार्ड लावतोच आहे ना, मग आतलं ग्राफिक्स कशाला?" हा युक्तिवाद नुसतं खेळणाऱ्यासाठी अगदी बरोबर आहे. कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० असतं तर रेकॉर्डिंग करणाऱ्यालाही तो चालला असता. पण आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ च्या जानेवारीत आलेलं कार्ड मुळात लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या चिपवर बेतलेलं. लॅपटॉपमध्ये आवळायचं काम प्रोसेसर करतो, म्हणून कार्डातला एन्कोडर काढूनच टाकला. त्याचं धाकटं भावंड आरएक्स ६४०० त्याच वळणाचं. शिवाय मदरबोर्डशी बोलायला या कार्डाला चारच लेन. जुन्या, पीसीआयई तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ते आणखी धापा टाकतं. एनव्हिडियाकडे अशी फसगत जीटी १०३० या कार्डात आहे: २ जीबी, पंख्याचा आवाज नाही, छोटं, गोजिरवाणं, आणि एन्कोडर नाही. गंमत म्हणजे त्याच्याहून तीन वर्षं जुन्या जीटीएक्स ७५० टीआयमध्ये तो आहे.

एन्कोडर नसला म्हणजे रेकॉर्डिंग अडतं असं नाही. प्रोसेसरच्या कोअर ते काम करतात. ओबीएसमध्ये त्याला एक्स२६४ म्हणतात. हलका खेळ असेल तर सहा कोअरचा प्रोसेसर दोन्ही सांभाळून नेतो. पण जीटीए फाइव्हसारखा, गजबजलेल्या शहराचा खेळ असला की स्वयंपाक्यालाच पंगतीत वाढायला लावल्यासारखं होतं. वरण करपतं आणि पंगतही खोळंबते.

आता चांगल्या एन्कोडरच्या मागे किती लागायचं? व्हिडिओवाले या गोष्टीचा फार बाऊ करतात. १६५० कार्डात एनव्हेंकची आधीची पिढी आहे आणि १६५० सुपरमध्ये सुधारलेली, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. थेट प्रक्षेपण करायचं असेल तर भांडण रास्त आहे, कारण तिथे सहा मेगाबिटच्या आसपास सगळं बसवायचं असतं, आणि कमी जागेत चांगलं चित्र बसवणं हेच चांगल्या एन्कोडरचं कसब. पण आपल्याच डिस्कवर रेकॉर्ड करायचं तर जागा आपल्या घरची आहे. एन्कोडर कमअस्सल असेल तर बिटरेट वाढवा, फरक दिसेनासा होतो. जुन्या आरएक्स ५७०, ५८० या कार्डांचा एन्कोडर एनव्हेंकपुढे फिका, हे खरं. त्याला ५० मेगाबिट द्या, काम निभावतं. माझं मत विचाराल तर निव्वळ रेकॉर्डिंगसाठी एन्कोडर 'आहे की नाही' एवढंच बघावं. 'कितवा आहे' यावर हजारो रुपये घालू नयेत.

पैसे खरोखरच कमी असतील, तर नव्या कोटेशनच्या नादी न लागता ऑफिसातून निघालेल्या डब्यांकडे वळावं. बँका, कॉल सेंटर, आयटी कंपन्या ठरावीक वर्षांनी संगणक बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर ढिगाने बाजारात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला आणि विंडोज ११ सहसा इंटेलच्या आठव्या पिढीखालचे प्रोसेसर स्वीकारत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा माल आणखी स्वस्त झाला. नाशिकचा एक रिफर्बिश्ड माल विकणारा दुकानदार मला म्हणाला, "सर, ह्या डब्यांना लोक नाकं मुरडतात, पण ह्यातला एक बोर्ड उडालेला परत आला तर शपथ." त्याचं म्हणणं थोडं विक्रेत्याचं होतं, पण खोटं नव्हतं, हे संगणक दिवसभर चालू राहण्यासाठीच बनवलेले असतात. आणि सहाव्या पिढीच्या साध्या आय-फाइव्ह ६५०० मध्येही क्विक सिंक आहे.

त्याच्या गोदामात दोन डबे उघडून बघितले तेव्हा खाचखळगे कळले. पहिला उभा टॉवर होता. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं. दुसरा बारका, ज्याला हे लोक एसएफएफ म्हणतात. त्यात निम्म्या उंचीचंच कार्ड जातं, ते मिळायला कठीण आणि महाग. आतला एसएमपीएस अडीचशे-तीनशे वॅटच्या आतबाहेरचा आणि कार्डाला द्यायची वेगळी वायरच नाही. म्हणून जे कार्ड स्लॉटमधूनच, ७५ वॅटच्या आत भागवतं तेच घ्यायचं: जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५०, आणि तेही वरून वायर न मागणारं मॉडेल. "मग एसएमपीएसच बदलू" म्हणाल, तर बऱ्याच ऑप्टिप्लेक्समध्ये मदरबोर्डला जाणारी पिनच निराळी असते. बाजारचा एसएमपीएस त्यात जात नाही, जोडवायर शोधावी लागते. एवढं सांभाळलं की कमी पैशात खेळ आणि रेकॉर्डिंग दोन्ही करणारा डबा तयार होतो. आठवी पिढी परवडत असेल तर तीच घ्या, कारण विंडोजची कटकट मिटते. वर इंटेलचं आर्क ए३८० लावायचा मोह होईल. ते २०२२ चं, एव्ही१ सारखा नवा प्रकारही हार्डवेअरमध्ये आवळणारं, खरोखर गुणी कार्ड. पण त्याला रीसायझेबल बार नावाची सोय लागते आणि जुन्या ऑफिस बोर्डांवर ती सहसा नसते.

कार्ड लावल्यावर एक गोष्ट हमखास घडते. ओबीएस उघडतो आणि एन्कोडरच्या यादीतून क्विक सिंक नाहीसं झालेलं असतं. मुलगा घाबरतो, दुकानदाराला फोन करतो, तो म्हणतो "ड्रायव्हर टाक." ड्रायव्हरचा दोष नसतो. कार्ड दिसलं की अनेक बोर्ड अंगचं ग्राफिक्स बंद करून टाकतात. बायॉसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करायचं, बोर्डागणिक त्याचं नाव वेगळं, बऱ्याचदा 'मल्टी मॉनिटर' या शब्दांनी लिहिलेलं. मग खेळ कार्डावर आणि आवळणं प्रोसेसरच्या कोपऱ्यात, अशी वाटणी करता येते.

सेकंड हँड कार्डांच्या बाजाराला १५ सप्टेंबर २०२२ हा दिवस विसरता येत नाही. त्या दिवशी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका रात्रीत निरर्थक झालं. दिवसरात्र भट्टीसारखी तापलेली कार्डं जगभरच्या बाजारात आली, आपल्याकडेही आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच, असं नाही. पंखे झिजलेले असतात, थर्मल पेस्ट वाळलेली असते, ते बदलून बरीच वर्षं चालतं. भीती निराळीच आहे. कार्डाच्या बायॉसमध्ये फेरफार करून धाकट्या कार्डाला थोरल्याचं नाव चिकटवलेलं असतं, किंवा आरएक्स ५८० म्हणून '२०४८एसपी' ही कापलेली आवृत्ती गळ्यात मारली जाते. म्हणून जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जावं. ते कार्डाची कुंडली काढतं. नाव एक आणि शेडरचा आकडा भलताच, असं दिसलं की काउंटर सोडावा. आणि "टेस्टिंग वॉरंटी" म्हणजे किती दिवस, हे बिलावर लिहून घ्यावं. "साहेब, आपलंच दुकान आहे" हे बिलावर लिहिता येत नाही.

एएमडीच्या 'जी' प्रोसेसरांचाही एक रस्ता आहे, म्हणजे रायझन ५६००जी आणि त्या घरातले. कार्डच नको. खेळ आणि एन्कोडर दोन्ही एकाच चिपवर. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांच्यासाठी हा मला सर्वांत समंजस सौदा वाटतो. अट एकच: रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात, आठ-आठ जीबीच्या. अशा प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅमच्याच जिवावर जगतं, आणि एकच पट्टी लावली की त्याचा अर्धा रस्ता बंद होतो. कोटेशनमध्ये मात्र "१६ जीबी" एवढंच लिहिलेलं असतं.

डिस्कबद्दल थोडक्यात. फुटेजसाठी महागडी एनव्हीएमई लागत नाही. सव्वासहा एमबीचा वेग जुनी हार्ड डिस्कही हसतहसत पेलते. खेळ आणि विंडोज एसएसडीवर, फुटेज हार्ड डिस्कवर, एवढी फारकत पुरे.

आपल्याकडच्या वापरणाऱ्याने डिस्कपेक्षा लाइटची काळजी करावी. मिरजेचा एक मुलगा सांगत होता, "दीड तास खेळलो, लाइट गेली, फाइल आहे पण उघडतच नाही." तो एमपी४ मध्ये रेकॉर्ड करत होता. साध्या एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना, अगदी शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली की आत सगळं फुटेज असूनही प्लेअरला ते कुठून वाचायचं ते कळत नाही. एमकेव्ही प्रकारात हा धोका नाही. वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसमध्येच 'रीमक्स' केलं की काही मिनिटांत त्याची एमपी४ होते, दर्जा तसूभरही न घटता. २०२४ मध्ये आलेल्या ओबीएस ३०.२ पासून हायब्रिड एमपी४ नावाचा मधला मार्गही आहे. यात खर्च शून्य. खर्च करायचाच तर छोट्या यूपीएसवर करावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागे 'यूपीएस मोड'चं बटण आहे का ते आधी पाहा. साध्या मोडमध्ये वीज पालटायला लागणाऱ्या क्षणभरातच पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो.

कॅप्चर कार्डचा गैरसमज मात्र सार्वत्रिक आहे. "रेकॉर्डिंगला कॅप्चर कार्ड लागतं ना?" असं अनेक पालक विचारतात, आणि काउंटरवर पेन ड्राइव्हएवढी एचडीएमआयची डबी पुढे केली जाते, वर ठसठशीत '४के' लिहिलेलं. पीसीवरचा खेळ त्याच पीसीवर रेकॉर्ड करायला ती लागतच नाही. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरून चित्र घ्यायचं असेल तर लागते. तेव्हाही हे लक्षात ठेवावं की ४के चित्र ती आत घेऊ शकते, बाहेर देते बहुधा १०८० आणि तीस फ्रेम. यूएसबी २ च्या वायरीतून सेकंदाला ४८० मेगाबिटच जातात. फुल एचडी साठ फ्रेमचं न आवळलेलं चित्र साधारण तीन गिगाबिट मागतं. ते त्या वायरीत मावणारच नाही, डबीवर काहीही छापा.

हे सगळं जमवूनही व्हिडिओ अडखळतो, आणि मग दोष प्रोसेसरला जातो. ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे. तिच्यात दोन आकडे एकाखाली एक असतात. एक सांगतो रेंडरिंगमुळे किती फ्रेम हुकल्या, दुसरा सांगतो एन्कोडिंगमुळे किती गळल्या. दुसरा वाढत असेल तर एन्कोडर कमी पडतोय. तिथे सेटिंग हलकं करा. पण मी पाहिलेल्या संगणकांवर बहुतेकदा पहिलाच वाढत होता. त्याचा अर्थ, खेळाने कार्ड शंभर टक्के अडवून ठेवलंय आणि ओबीएसला स्वतःचं चित्र जुळवायलाही जागा उरलेली नाही. उपाय नवं कार्ड नव्हे. खेळाची फ्रेम-मर्यादा साठवर बांधायची, सावल्यांचं सेटिंग एक पायरी खाली आणायचं. मिरजेच्या त्या मुलाने मर्यादा बांधली तेव्हा पडद्यावरचा हुकलेल्या फ्रेमचा आकडा जागच्या जागी थांबला. त्याआधी त्याने नव्या कार्डासाठी मामाकडे पैसे मागून ठेवले होते.

आवाजाकडे कोणी बघत नाही. बघणाऱ्याला थोडं धूसर चित्र चालतं, पण पंख्याच्या घरघरीतून येणारं बोलणं तो दोन मिनिटंही ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून खेळणं आपल्याकडे अशक्य, तेव्हा तोंडाजवळचा साधा यूएसबी माइक आणि ओबीएसमधला आवाज गाळणारा फिल्टर, हा जोड पुरतो. माइक आणि खेळ यांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावेत. ओबीएस सहा ट्रॅक देतो. मागाहून खेळाचा गोंगाट खाली आणता येतो. काचेच्या कॅबिनेटचे पैसे वाचवून माइक घ्या, असं मी त्या अकरावीतल्या मुलालाही म्हटलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

किमती मी मुद्दाम दिलेल्या नाहीत. लेख लिहिल्यापासून अंक छापून येईपर्यंत या बाजारात भाव दोनदा हलतात.

शेवटी व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचा असतो, आणि यूट्यूब तो पुन्हा एकदा आपल्या पद्धतीने आवळतं. १०८० साठ फ्रेमसाठी त्यांची शिफारस १२ मेगाबिट आहे. छोट्या चॅनेलच्या १०८० व्हिडिओवर ते सहसा जुन्या पद्धतीचा हात फिरवतात आणि गवत, पाऊस, धूर यांचा चिखल होतो. म्हणून अनेक पोरं तेच फुटेज १४४० ला मोठं करून चढवतात. त्याला यूट्यूब चांगली पद्धत लावतं आणि चित्र खरोखर स्वच्छ दिसतं. पण १४४० ला शिफारस २४ मेगाबिटची. बारा मिनिटांचा व्हिडिओ १०८० ला सुमारे १.०८ जीबी होतो आणि १४४० ला २.१६ जीबी. ज्यांच्या घरी फायबर नाही आणि मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर सगळं चालतं, त्यांची पंचाईत इथे होते. मिरजेच्या मुलाने त्यावर तोड काढली आहे. तो रात्री साडेअकराला अपलोड सुरू करतो. निम्मा व्हिडिओ त्या दिवसाच्या उरलेल्या डेटात जातो, बारा वाजता नवा दीड जीबी मिळतो, उरलेला निम्मा त्यात.